डावा पाय उशिरा येतो

१

दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी दादाकडे जायचे, त्याने बनवलेला गेम खेळायचे आणि त्याला नावं ठेवायचे. नावं ठेवायलाच त्याने मला बोलावलं होतं, ही त्यातली गंमत.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पस्तीस वर्षं पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढून निवृत्त झाला आणि घरी बसून काय करायचं म्हणून व्हिडिओ बघत बघत गेम बनवायला शिकला. विकायला नाही, कुणाला दाखवायलाही नाही. "इतकी वर्षं साहेब सांगतील ते काढलं," म्हणायचा, "आता एक घर माझ्या मनाने काढतो."

गेम साधा होता. एक दुमजली घर, त्यात एक माणूस. बाहेर वारा सुटलाय. वारा आत शिरायच्या आधी त्या माणसाने सगळ्या खिडक्या लावायच्या आणि उडून जाईल ते उचलून आत ठेवायचं. चालायला बाणांची चार बटणं, हाताने काही धरायचं तर खालचं लांबडं बटण. माणूस कायम पाठमोरा. दादाला चेहरा काढायला जमत नव्हता, म्हणून त्याने ती भानगडच ठेवली नव्हती.

मला बोलावण्याचं कारण माझं काम. मी कारखान्यात क्रेन चालवते. छपराखालच्या रुळांवरून फिरणारी, वर केबिनमध्ये बसून लिव्हरने चालवायची. बावीस वर्षं झाली. लिव्हर ढकलल्यावर खालचा हूक किती उशिराने हलतो हे मला डोळे मिटून कळतं. कळलं नाही तर खाली कुणाचं तरी डोकं फुटेल. सतत उंचावर बसते म्हणून दादा मला चिमणी म्हणतो. अंगापिंडाने मी चिमणी अजिबात नाही.

"चिमणे, तुझ्या हातांना फसवता येत नाही," तो म्हणाला होता. "बटणं कशी वाटतात, कुठे सोपं, कुठे अवघड, भीडभाड न ठेवता सांग. 'छान आहे' एवढं म्हणून चहा पिऊन जाणार असशील तर येऊच नकोस."

गेम संपला की पडद्यावर पाच प्रश्न यायचे आणि खाली एक रिकामी चौकट. त्या चौकटीत मी एका बोटाने टाइप करायचे. पहिल्या रविवारी लिहिलं: 'जिना चढताना डावा पाय उशिरा येतो. पापणी लवेल इतकाच, पण येतो.'

दादाने वाचलं आणि डोकं खाजवलं. "डावा पाय असा वेगळा नाहीच गं. एकच पाय काढलाय, तोच उलटा करून दुसरा केलाय. उशीर व्हायचा तर दोन्हींना होईल."

"मग तुझ्या माणसाचा गुडघा दुखत असेल."

तो हसला आणि चहा आणायला खाली गेला. कॉम्प्युटर वरच्या खोलीत होता, त्यामुळे जिन्यातला प्रत्येक आवाज मला ऐकू यायचा. एक पाऊल, मग जरा थांबून दुसरं, लाकडावर घासत. सहा वर्षं त्याचा डावा गुडघा असाच होता.

२

पुढच्या रविवारी तो पाय नीट झाला होता. मी मुद्दाम तीन वेळा माणसाला जिन्यावरून वर-खाली केलं. दोन्ही पावलं बरोब्बर.

"नीट केलंस की," मी म्हणाले.

"काय नीट केलं?" दादाने नवा चष्मा नाकावर सारखा केला. "जुना चष्मा सोमवारी माझ्याच बुडाखाली मोडला. हा काल मिळाला. आठवडाभर मी कॉम्प्युटर लावलासुद्धा नाही."

मला वाटलं, करून विसरला असेल. साठीला आलेल्या माणसाचं काय सांगावं. मग त्याने खालच्या दोन खुर्च्या वर आणल्या, एका हातात एक, कठड्याला न धरता. तेव्हाही मी फारसं मनावर घेतलं नाही. वहिनी औषधाच्या दुकानात काम करते. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून ती अभिमानाने बघत होती.

"गोळ्या बदलल्यात मी त्याच्या," ती म्हणाली. "बघा वन्सं, तुमचा भाऊ कसा हरणासारखा पळतोय."

मला वन्सं म्हणायचं आणि वर अहो-जाहो करायचं, ही वहिनीची तीस वर्षांची थट्टा.

३

तिसऱ्या रविवारी मी दोन तक्रारी लिहिल्या. पहिली: 'धरलेली वस्तू हातातून सुटते. बटण फार वेळ दाबून ठेवावं लागतं.' दुसरी: 'वरच्या खिडकीपाशी माणूस आपोआप थांबतो. मी काही दाबलेलं नसताना. वेळ फुकट जातो. काढून टाक.'

दुसरी तक्रार मी मोठ्याने वाचून दाखवली. दादा तेव्हा खऱ्या खिडकीपाशी उभा होता, हात पाठीमागे, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. लहानपणापासूनची सवय. शाळेला उशीर झाला तरी हा खिडकीत. स्वतःच्या लग्नातही दहा मिनिटं सापडला नव्हता, शेवटी मीच त्याला एका खिडकीतून ओढून आणलं.

"मी तर थांबायला सांगितलं नव्हतं त्याला," तो बाहेर बघतच म्हणाला.

"काय बघतोयस एवढं?"

"काही नाही गं. बघतोय."

चौकटीखालचं 'पाठवा' बटण मी दाबलं. पाठवलं म्हणजे कुठे, हे मी कधी विचारलंच नाही. दादाच्याच कॉम्प्युटरवरच्या एका फायलीत जात असणार, दुसरीकडे कुठे जाईल?

त्या बुधवारी वहिनीचा फोन आला. दादाच्या हातून इतके कप फुटायचे की पाच वर्षं त्या घरात सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे. तिने लग्नातले कप माळ्यावरून काढले होते. "तीन दिवस झाले, एकाचाही कान तुटला नाही," ती म्हणाली. खुशीत होती.

मी कप म्हणजे कपच ऐकलं. त्यापुढे माझं डोकं चाललं नाही.

४

चौथ्या रविवारी दादाने दार उघडलं, चप्पल कुठे ठेवायची ते हाताने दाखवलं आणि माझ्या पुढे जिना चढून गेला. वरची खोली त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडली. खिडकी वाटेतच होती. तिच्यावरून तो असा गेला, जसं आपण भिंतीवरून जातो.



मी खेळायला बसले. दादा शेजारच्या खोलीत गेला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला करायला काही उरलंच नव्हतं. डावीकडचा बाण दाबला, माणूस डावीकडे. लांबडं बटण, खिडकी बंद. आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीत खिडकीची कडी बसल्याचा आवाज आला.

योगायोग म्हटलं. उजवा बाण, चार पावलं. भिंतीपलीकडे चार पावलं. मी बटणांवरून बोटं उचलली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पडद्यावरचा माणूस चालतच राहिला. भिंतीपलीकडची पावलंही.

आम्ही क्रेनवरची माणसं. क्रेन आपोआप हलली तर आम्ही भूत म्हणत नाही, ब्रेक तपासतो. मी खाली वाकून कीबोर्डची वायर उपसली. वर बघितलं तर माणूस दुसऱ्या खिडकीपाशी पोचला होता, आणि शेजारी दुसरी कडी बसली. म्हणजे तो माझ्या हातांनी चालत नव्हता. मी फक्त मधेमधे त्याच वेळी बटण दाबत होते. चालवणारं कुणीतरी वेगळंच होतं, आणि त्याचा हात माझ्याहून सफाईदार होता. कुठे अडखळतं हे त्याला एकेक करून मीच तर सांगितलं होतं.

गेम संपला. प्रश्न आले. पाचवा नेहमीचा, अवघडपणाबद्दलचा. त्याखाली सहावा.

'आता काही अडतं का?'

"दादा," मी हाक मारली. हाक पुरी व्हायच्या आत तो दारात होता.

"हा सहावा प्रश्न कधी घातलास?"

त्याने पडद्याकडे बघितलं. "पाचच आहेत."

"मोज ना. हा काय आहे?"

"पाचच आहेत," तो म्हणाला. त्याच चढाने, त्याच उताराने. आधी डोकं खाजवून, चष्मा वर-खाली करून, "अगं म्हणजे काय झालं" करत बोलणारा माझा भाऊ, आणि हे उत्तर. मी काहीच न पाठवता उठले. बसथांब्यावर पोचल्यावर ध्यानात आलं, दिवसभरात त्याने मला एकदाही चिमणी म्हटलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वहिनीच्या दुकानात गेले. मागच्या बाजूला खोक्यांच्या ढिगात दोन स्टुलं होती, तिथे बसलो. जे बघितलं ते मी जसंच्या तसं सांगितलं. माझं मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं.

वहिनीने आधी मला झाडलं. "सहा वर्षं तो जिन्यात बसून कण्हायचा. रात्री मी त्याच्या गुडघ्याला शेक द्यायचे. आता बरा झालाय तर तुम्हाला बघवत नाही का? तुम्हाला तो फुटके कप गोळा करणाराच हवाय?"

"मला दादा हवाय."

"मग तो कोण आहे?"

मला माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही.

बाहेर कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं. वहिनी उठली, देऊन आली, पुन्हा बसली. स्टुलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत राहिली.

"मीठ कुठे आहे हे तो विचारत नाही आता," ती म्हणाली. "तीस वर्षं रोज विचारायचा. डबा डोळ्यांपुढे असला तरी. मी रोज चिडायचे." तिने रंगाचा कपचा उडवला. "आणि काही विचारलं की लगेच उत्तर देतो. लगेच. मी 'अरे' म्हटलं की आधीच माझ्याकडे बघत असतो. काल मी काही म्हणायच्या आधीच बघत होता."

जराशाने ती म्हणाली, "तुला जे करायचंय ते कर. मी घरात असेन. पण मला त्या खोलीत बोलवू नकोस."

तीस वर्षांत पहिल्यांदा ती मला तू म्हणाली.

६

रविवारपर्यंत थांबले नाही. मंगळवारी आजारपणाची रजा टाकली आणि सकाळीच गेले. वहिनी स्वयंपाकघरात होती, नळ मोठा सोडून भांडी घासत. दादा कुठल्यातरी खोलीत चालत होता. सारख्या अंतराची पावलं, सारख्या वजनाची.

खेळलेच नाही. सरळ प्रश्नांवर गेले. सहावा होताच.

'आता काही अडतं का?'

बावीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. ब्रेक ढिला असला तर ढिला, दोर झिजला असला तर झिजला. साहेबाने डोळे वटारले तरी लिहिते. त्या दिवशी मी पहिल्यांदा धडधडीत खोटं लिहिलं.

'सगळं अडतं. इतकी भिकार बटणं मी जन्मात बघितली नाहीत. डावा पाय आधी होता तोच बरा होता, तसाच उशिरा येऊ दे. हातातून वस्तू सुटायला हवी. फारच सोपं झालंय, अवघड करा. आहे त्यापेक्षा खूप अवघड. आणि खिडकीपाशी तो थांबलाच पाहिजे. थांबत नसेल तर हा गेम कुणी खेळू नये.'

'पाठवा' दाबलं. चौकट रिकामी झाली. मग प्रश्नाच्या जागी नवा प्रश्न आला, एकच शब्द.

'कुठे?'

आणि माझ्या पाठीमागून दादाच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "कुठे?"

पावलं कधी थांबली ते मला कळलंच नव्हतं. खाली नळही बंद झाला होता. मी खुर्चीसकट वळले.

तो दारात उभा होता. डावा हात लोंबता, उजवा दाराच्या चौकटीवर टेकलेला. त्या हाताची बोटं एकामागून एक लाकडावर दाबली जात होती. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. वाजवत नव्हता. एकेक दाबून, काय होतं ते बघत होता. मग डावा पाय वीतभर उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मान एका बाजूला, मग दुसऱ्या.

हे मी बघितलेलं आहे. आमच्याकडे नवा ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी रिकाम्या क्रेनवर असंच करतो. एकेक लिव्हर हलवतो आणि खाली काय हलतं ते बघतो. मन लावून, कुतूहलाने, आणि यंत्राला काय वाटत असेल याचा विचारही न करता.

तेच कुतूहल त्या डोळ्यांत होतं. डोळे दादाचेच होते. बघत दुसरं कुणी होतं.

आमच्या कामात एक नियम आहे: क्रेनला खुणा एकाच माणसाने करायच्या, 'थांब' मात्र कुणीही म्हणू शकतं. झाडूवालासुद्धा. आणि ते म्हटलं की थांबावंच लागतं.

"थांब," मी म्हणाले.

बोटं थांबली.

"कुठे अडतं ते मी सांगणार नाही. आजवर सांगितलं ती चूक झाली. यापुढे एक शब्द खरा सांगणार नाही. हा माझा भाऊ आहे. तुला चालवायला दिलेला नाही."

त्याने तोंड उघडलं. ओठ आधी हलले आणि आवाज मागून आला, पापणी लवेल इतक्या उशिराने. तो उशीर ऐकून मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"अवघड," ते म्हणालं. तक्रार होती की नुसती नोंद, कुणास ठाऊक.

"हो," मी म्हणाले. "अवघडच आहे तो. आम्ही जन्मभर निभावलंय. तुला झेपणार नाही."

मी पाठ फिरवली. पाठ फिरवायची नव्हती, पण टाइप करायचं होतं. मागे ते उभं असताना मी तीच वाक्यं पुन्हा लिहिली, पुन्हा पाठवली, पुन्हा लिहिली. किती वेळा ते मोजलं नाही. तर्जनी सुजली तेव्हा मधलं बोट वापरलं.

७

खाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मागे बघितलं तर दारात कुणी नव्हतं.

जिन्याच्या मधल्या पायरीवर दादा गुडघा धरून बसला होता. खाली कपाचे तुकडे, आणि त्या तुकड्यांत वहिनी मटकन बसलेली, पदर तोंडाशी धरून. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मेला हा पाय," दादा म्हणाला. मग वर बघून, डोकं खाजवून, "चिमणे? तू मंगळवारची इथे कशी काय गं?"

मधले दिवस त्याला नीट आठवत नाहीत. खूप गाढ झोप लागल्यासारखं होतं, म्हणतो, आणि झोपेत कुणीतरी आपलं अंग वापरत होतं. एवढंच बोलतो. वहिनीने आणि मी त्याला पुढे विचारलं नाही.

गेम त्याने त्याच दिवशी पुसून टाकला. रविवारी परत होता. कॉम्प्युटर भंगारात द्यायचं ठरलं, तो नेणारा दारात आला, आणि दादा जिन्यावरून कठड्याला न धरता भराभर उतरला. वहिनीने त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. कॉम्प्युटर गेला तर खोटं सांगायला जागाच उरली नसती.

म्हणून मी जाते. दर रविवारी, आणि आता बुधवारीही. वर बसते, लिहिते: बटणं भिकार, पाय उशिरा, हातातून वस्तू सुटते, खिडकीपाशी थांबतो, असंच हवं. ते दरवेळी नवं काहीतरी विचारतं. 'पायरी किती उंच?' 'कप किती जड?' 'हाक आधी की मान आधी?' मी दरवेळी खोटं सांगते, आणि आता मला ते चांगलं जमतं. एखाद्या आठवड्यात दादा खिडकीपाशी अर्धा तास उभा राहतो. एखाद्या आठवड्यात नुसताच तिच्यावरून जातो, आणि मग मी संध्याकाळपर्यंत उठत नाही. जिंकले असं म्हणत नाही. पण ते अजून विचारतंय, म्हणजे त्याला अजून जमलेलं नाही.

मागच्या बुधवारी नेहमीचं सगळं लिहून झालं. उठणार, तेवढ्यात आणखी एक प्रश्न आला. त्यात ना पायरी होती, ना कप.

'तुमचा उजवा खांदा किती दुखतो?'

तीन महिन्यांपासून दुखतोय. हात खांद्याच्या वर जात नाही. कारखान्यात कळलं तर केबिनमधून उतरवतील, म्हणून मी कुणाला बोललेले नाही. वहिनीलाही नाही, डॉक्टरलाही नाही.

खाली दादा कशासाठी तरी वहिनीशी भांडत होता, सावकाश, मधे थांबत, शब्द शोधत. मग माझा उजवा हात वर गेला. मी वर नेला नव्हता. डोक्याच्याही वर, सरळ, अलगद, आणि कुठेही कळ आली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. खरं सांगते, क्षणभर तो तसाच राहावा असं वाटलं.

डाव्या हाताने मनगट धरून मी तो खाली ओढला. ओढायला जोर लागला. मग डाव्याच हाताने, एकेक अक्षर शोधत लिहिलं:

'हा खांदा चालत नाही. माझा होता तसा परत कर. दुखणारा.'

पाठवलं, कॉम्प्युटर बंद केला, दादाला येते म्हटलं आणि निघाले. बसमध्ये बसायला जागा नव्हती. मी उजवा हात उचलून वरची दांडी धरली. पहिला थांबा गेला, काही नाही. दुसरा गेला. तिसऱ्याच्या आधी ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, बसता का.

"नको," मी म्हणाले. आणि उतरेपर्यंत ती दांडी सोडली नाही.